वैनगंगेपलीकडची बिनपापणी

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भरवेलीच्या रस्त्याकडेला पालथे पडले होते. अंगात काळा कोट, डोक्यावर टोपी आणि नाक गवतात. बालाघाटच्या शाळेत मराठी शिकवायला रुजू होऊन मला चार दिवस झाले होते, आणि या गावात माणसं दिवसाढवळ्या कशामुळे आडवी होतात याची मला माहिती नव्हती. मी सायकलवरून उतरलो. मँगनीजच्या खाणीतली पाळी संपवून घरी निघालेला एक मजूर जाता जाता म्हणाला, "हात नोका लावू. गुरुजी होत ते. सरडा पाहून राह्यले." तो थांबलाही नाही.

मी थांबलो, चांगला पाऊण तास. शेवटी गुरुजी उठले आणि कोटावरची कुसळं काढत म्हणाले, "तुमची सावली पडली नसती तं आनखी दोन मिन्टं बसली असती ते." ही आमची ओळख. पुढे तेरा-चौदा वर्षं आम्ही एका शाळेत काढली. माझ्या सावलीबद्दलची त्यांची तक्रार काही मिटली नाही.

ते जीवशास्त्र शिकवत. अभ्यासक्रमात बेडूक होता, झुरळ होतं, गांडूळ होतं, सरडा नव्हता. मास्तर ही तिन्ही जनावरं दिवाळीच्या आत उरकत आणि मग सरड्यांना लागत. मुलं पास होत होती, म्हणून कोणी हरकत घेतली नाही.

त्यांचं म्हणणं असं की वाघ ओळखायला अक्कल लागत नाही. पट्टे दिसले की वाघ, आणि आपण पळायचं. खरी परीक्षा बोटाएवढ्या, मातकट, गवतात सुळकन नाहीशा होणाऱ्या जनावराची. सगळं गाव या जनावरांना दोन नावांत बसवून मोकळं झालं होतं. भिंतीवर असली तर पाल, बाहेर असला तर सरडा. मास्तर वर्गात डोळ्यांपासून सुरुवात करत. सरडा डोळे मिटतो. भिंतीवरच्या पालीला मिटायला पापणीच नाही, ती जिभेनं डोळा चाटून साफ करते. सापसुरळी, जिला इकडचे लोक बाम्हनी म्हणतात, तिचं अंग तेल लावल्यासारखं गुळगुळीत. पंखासरडा उन्हाळ्यात ढेकळावर उभा राहून गळ्याखालचा निळा पंखा उघडतो आणि मिटतो, उघडतो आणि मिटतो. तो पंखा बघणारी मादी जवळपास आहे की नाही हे तो आधी बघत नाही. शाळा समितीचे अध्यक्ष भाषणाला उभे राहिले की मला हटकून तो आठवे.

आणि या सगळ्यांत मास्तरांची लाडकी, गवतात राहणारी, पाठीवर दोन पिवळसर रेघा असलेली, शेपटी अंगाच्या दुप्पट लांब अशी एक चिमुकली. तिला गावात नावच नव्हतं. लॅटिन नाव होतं, पण ते मास्तर फक्त पत्रात वापरत. एरवी तिला ते बिनपापणी म्हणत. तिची खालची पापणी वर जाऊन कायमची चिकटलेली असते आणि काचेसारखी आरपार असते. "हे चष्मा घालूनच अंड्यातून निघते," ते मुलांना सांगत, "अन् माह्यासारखी कुठं ठेवला ते विसरत नाही."

मास्तरांचे काही नियम होते. पहिला, रंगावर जायचं नाही. भरवेलीकडचे सरडे खाणीच्या धुळीनं काळपट दिसत. एका उत्साही मुलानं काळ्या सरड्याची नवी जात शोधून आणली, तेव्हा मास्तरांनी तिला हौदाच्या पाण्यात बुडवून त्याच्या हातात परत दिली. दुसरा, दिसलं तेवढं लिहायचं. वाटलं ते घरी सांगायचं. तिसरा, जनावर हातात असताना कोणी तोंडातून शब्द काढायचा नाही, कारण ते आधीच घाबरलेलं असतं. आणि चौथा, जे जिथून उचललं ते तिथेच सोडायचं. "तिथेच" म्हणजे त्या माळावर नव्हे. त्याच झुडपाच्या त्याच बाजूला.

या चौथ्या नियमापायी ते झुडपांना खुणेची चिंधी बांधत. चिंध्या मास्तरांच्या बायकोच्या, म्हणजे बाईंच्या, जुन्या लुगड्याच्या, आणि लुगडं लाल होतं. वर्षाभरात भरवेलीच्या रस्त्यावरची दोन झुडपं देव झाली. एकाला नारळ फुटू लागला, दुसऱ्याखाली कोणीतरी शेंदूर फासलेला दगड आणून ठेवला. मास्तर सरडा परत सोडायला जात तेव्हा तिथे बाया हात जोडून बसलेल्या असत, आणि कोटाच्या खिशातून जिवंत जनावर काढून देवापुढे ठेवणाऱ्या माणसाकडे त्या फार आदरानं बघत. मास्तरांनी नंतर पांढऱ्या चिंध्या वापरल्या. बाई म्हणाल्या, आता माझ्यावर पांढरं लुगडं नेसायची वेळ यायच्या आधीच ती फाडून संपवा. मास्तर दुसऱ्या दिवशी बाजारातून निळं कापड घेऊन आले.

एकदा शाळा तपासायला साहेब आले. त्यांनी वर्गात भर तासाला विचारलं की या प्राण्याचा शेतकऱ्याला उपयोग काय. मास्तरांनी विचार केला, आणि म्हणाले की शेतकऱ्याचा या प्राण्याला काय उपयोग, हे तपासून झालं की दोन्ही एकदमच कळवीन. साहेबांनी शेऱ्यात लिहिलं, विषयाची आवड आहे. मास्तरांनी ते वाक्य मला दोनदा वाचायला लावलं. त्यात काही खोच असेल असं त्यांना वाटलं नाही.

माझा या सगळ्यात शिरकाव झाला तो अक्षरामुळे. माझं अक्षर चांगलं होतं. शास्त्राच्या कामी येईल असा तेवढा एकच गुण माझ्यात होता. मास्तर आकडे सांगत आणि मी वहीत उतरवून घेई. तोवर राज्यांची नवी आखणी होऊन काही वर्षं झाली होती. नागपूर-भंडारा तिकडे गेले, आम्ही मराठी बोलत बोलत इकडे राहिलो, आणि शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीत रोज नकाशा दुरुस्त होत असे. मास्तरांना त्या रेघेचं काही वाटत नव्हतं. रेघ माणसानं कागदावर ओढली आहे, बिनपापणीला ती माहीत नाही, असं ते म्हणत. पण नदीचं तसं नाही. नदी हजारो वर्षं वाहते. अलीकडची बिनपापणी पलीकडे जात नाही आणि पलीकडची इकडे येत नाही. मग दोघी सारख्या कशा राहतील?

हा प्रश्न त्यांनी सात वर्षं सांभाळला. त्यांचं सारं लक्ष बिनपापणीच्या मांडीवर होतं. तिच्या मांडीच्या आतल्या बाजूला, सुईच्या टोकाएवढ्या बारीक छिद्रांची एक ओळ असते. जाती ओळखायला ती ओळ मोजतात. भरवेलीकडच्या बिनपापण्या मास्तर संध्याकाळी घरी आणत, टेबलावर दिव्याखाली मोठ्या भिंगातून मोजत आणि सकाळी परत सोडून येत. छिद्रं बहुतेक नऊ भरत, क्वचित दहा. वैनगंगेपलीकडची बिनपापणी मात्र त्यांनी रामपायलीच्या माळावर शोधली होती. तिथून ती घरी आणून दुसऱ्या दिवशी परत सोडायची तर बसनं दोन दिवसांचा हेलपाटा. म्हणून तिची मोजणी जागेवरच करावी लागे, आणि उन्हात, वळवळणाऱ्या जनावरावर मास्तरांची नजर ठरत नसे. माझीही नाही.

तिथे आम्हाला मापारी भेटला. रामपायलीच्या खळ्यांवर धान मोजून देणं हा त्याचा पिढीजात धंदा. साठीचा, बारीक, काटक माणूस. त्यानं मोजलेलं माप घेणारा आणि देणारा दोघेही तपासत नसत. हे मी त्या पंचक्रोशीत दुसऱ्या कोणत्याही माणसाबद्दल ऐकलं नाही, देवळाच्या पंचांबद्दल तर नाहीच. त्याची नजर घारीची होती. पहिल्या दिवशी तो आमची फजिती बघत उभा राहिला, मग जवळ आला, बिनपापणी दोन बोटांत उलटी धरली, बाभळीचा काटा ओळीवरून फिरवला आणि म्हणाला, "आठ." मास्तरांनी दुसऱ्या मांडीचं विचारलं. काटा फिरला, ओठ हलले. "आठ."

त्यानंतर उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, मापाऱ्याला काम नसलं की आम्ही रविवारी पहिल्या बसनं रामपायलीला जात असू. मास्तरांच्या नियमाप्रमाणे सगळे गप्प. मापारी मनातल्या मनात मोजी, आकडा बोटांनी दाखवी, मी लिही. आठ, आठ, कधी नऊ, पुन्हा आठ. भरवेलीकडे नऊ, कधी दहा. वह्या भरत गेल्या आणि फरक हलला नाही. मापारीही रंगला होता. खळ्यावर लोकांना सांगे की भरवेलीवाल्या सरड्याचं माप वेगळं, आपल्या गावच्याचं वेगळं. आपण स्वतः मोजलं आहे.

शेवटी मास्तरांनी कलकत्त्याच्या एका मोठ्या संग्रहालयातल्या तज्ज्ञाला पत्र लिहिलं. उत्तर यायला चार महिने लागले, पण आलं. आपली निरीक्षणं महत्त्वाची वाटतात, ही स्वतंत्र जात असू शकेल, दोन्ही काठांवरचे सहा-सहा नमुने स्पिरिटमध्ये घालून पाठवावेत.

हे पत्र हेडमास्तरांनी वाचलं, मग अध्यक्षांनी वाचलं, आणि पत्रातलं "असू शकेल" दोघांच्या मधे कुठेतरी गळून पडलं. अध्यक्षांची भाताची गिरणी होती आणि दिवंगत वडिलांबद्दल त्यांना अतोनात आदर होता. धर्मशाळा, पाणपोई आणि शाळेचा पुढचा दरवाजा यांना वडिलांचं नाव देऊन झालं होतं. त्यांनी मास्तरांना बोलावून विचारलं, "गुरुजी, लॅटिनमध्ये बाबूजीचं नाव बसते का?"

"बसते," मास्तर म्हणाले. "पन जनावर लहान आहे."

पुढच्या शनिवारी सत्कार ठरला. पत्रिका छापल्या. मास्तरांनी एकच अट घातली, मापाऱ्याला पहिल्या रांगेत खुर्ची. 

त्या रविवारी आम्ही रामपायलीला निघालो ते दोन कामांसाठी. पत्रिका द्यायची होती आणि सहा बिनपापण्या आणायच्या होत्या. मास्तरांच्या पिशवीत इस्पितळातून मागून आणलेल्या स्पिरिटच्या दोन बरण्या होत्या. आजवर त्यांनी एकही सरडा मारला नव्हता. बसमध्ये ते ती पिशवी मांडीवर घेऊन बसले होते आणि एकदाही तिच्याकडे बघत नव्हते.

धानाचे दिवस होते. त्या दिवसांत आम्ही पूर्वी कधी गेलो नव्हतो, कारण तेव्हा मापाऱ्याला सवड नसे. तो खळ्यावर होता. मी त्याला पत्रिका दिली. त्यानं ती कपाळाला लावून बंडीत ठेवली आणि एवढी रास मोजून येतो, असं सांगून तो कामाला लागला. आम्ही बाजूला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसलो.

त्यानं माप भरलं, मोठ्यानं "राम" म्हणाला आणि ते धान वेगळ्या सुपात ओतलं. मग दुसरं माप भरून पोत्यात टाकलं. "एक." मग "दोन." मग "तीन." सूर लावून, न अडखळता तो मोजत गेला. मी ऐकत होतो आणि मला बरं वाटत होतं, कारण त्या आवाजात झोप येण्यासारखं काहीतरी होतं. मास्तरांनी मात्र माझ्या दंडाला धरलं होतं, आणि पकड घट्ट होत चालली होती.

रास संपली तेव्हा मास्तरांनी प्यायला पाणी मागितलं. ते पिऊन झाल्यावर त्यांनी त्या सुपाबद्दल विचारलं.

"पह्यलं माप रामाचं, गुरुजी. देवळात जाते. ते मोजात येत नाही."

"अन् सरड्याचं?"

"सरड्याचं काय?"

"सरड्याचंही पह्यलं रामाचं का?"

मापाऱ्याला प्रश्नच कळला नाही. "मोजनं ते मोजनंच ना, गुरुजी. धान असो का सरडा असो."

मास्तरांनी त्याला एक बिनपापणी धरून आणायला सांगितलं, आणि स्वतःचा नियम मोडून म्हणाले, या वेळी मोठ्यानं मोजा. मापाऱ्यानं काटा पहिल्या छिद्रावर टेकवला. "राम." मग दुसऱ्यावर. "एक." काटा ओळीच्या शेवटी पोचला. "आठ, गुरुजी. नेहमीवानी."

"हौ," मास्तर म्हणाले. "बरोबर."

ती बिनपापणी त्यांनी स्वतः नेऊन सोडली. बरण्या पिशवीतून निघाल्याच नाहीत.

परतीच्या बसनं वारासिवनी मागे टाकली. मग मी सुचवलं की सत्कार होऊन जाऊ द्यावा, कलकत्त्याला महिनाभरानं सावकाश कळवावं. शास्त्रात असं होतं. मास्तर म्हणाले, "सत्कार शनिवारी होते. सोमवारी पोरं वर्गात बसून राहतीन." मग म्हणाले, "कलकत्त्याचं सोपं आहे. लिहून टाकतो. शनवारी तो बुढा पह्यल्या रांगेत बसून राहीन, त्याचं काय करू?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते कशाची काळजी करत होते. त्या माणसाचं पोट मोजण्यावर होतं. मापाऱ्याच्या मोजण्यात चूक निघाली असं एकदा भर सभेत कोणी म्हटलं, की सरडा कोण आणि धान कोण हे गाव बघत बसणार नाही. आणि मास्तरांनी आयुष्यभर मुलांना शिकवलं होतं की चूक झाली की कुठे झाली ते नेमकं सांगायचं.

शनिवारी मंडप होता, सनई होती, अध्यक्षांच्या वडिलांची हार घातलेली तसबीर होती. मापारी धुतलेलं धोतर आणि नवा फेटा घालून पहिल्या रांगेत बसला होता, खुर्चीच्या अगदी पुढच्या कडेवर. त्याच्याबरोबर रामपायलीचे पाच-सहा लोक आले होते. अध्यक्ष पाऊण तास बोलले. त्यात सरडा दोनदा आला.

मास्तर उठले. ते म्हणाले की नवी जात नाही. नदीच्या दोन्ही काठांवर एकच आहे. आपण पाठवलेलं पत्र चुकीचं होतं आणि दुसरं पत्र काल टपालात पडलं आहे.

मग अध्यक्षांनी, वडिलांच्या तसबिरीकडे एकदा बघून, जरा वरच्या आवाजात विचारलं की मोजलं होतं ना, मग मोजण्यात चूक कोणाची?

रामपायलीचे लोक मापाऱ्याकडे बघू लागले. मापारी आपल्या हाताकडे बघत होता.

"मोजनाऱ्यानं बरोबर मोजलं," मास्तर म्हणाले. "त्यानं सात वर्षांत एक छिद्र इकडचं तिकडं केलं नाही. कुठून मोजायला सुरुवात केली, हे लिहून घेनाऱ्यानं विचारलं नाही."

साऱ्या मंडपानं माझ्याकडे पाहिलं. माझं अक्षर गावात प्रसिद्ध होतं.

"अन् लिहून घेनाऱ्याले ते विचारा म्हनून मी सांगितलं नाही," मास्तर पुढे म्हणाले. "चूक माही." आणि ते खाली बसले.

अध्यक्षांना यातलं किती समजलं कोण जाणे. हार आणलेला होता, तो त्यांनी घातला. श्रीफळही दिलं. टाळ्या वाजल्या. रामपायलीच्या एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला ऐकू जाईल असं सांगितलं की पाहा, बरोबर मोजलं म्हणून सभेत सांगितलं गुरुजीनं.

बसस्थानकावर आम्ही त्या लोकांना पोचवायला गेलो. बाकीचे आत चढले. मापारी खाली उभा राहिला.

"तुमी मोठ्यानं मोजाले लावलं त्या दिवशी," तो म्हणाला, "तवाच समजलं मले. येनारच नोतो आज."

"मंग काहून आले?"

"नाही आलो असतो तं लोकाइनं पुसलं असतं, काहून नाही आला." त्यानं फेटा सारखा केला. "गुरुजी, आता सरड्यापुरता राम सोडून मोजतो म्या."

मास्तरांनी हार माझ्याकडे दिला होता. नारळ त्यांच्या हातात होता. तो त्यांनी मापाऱ्याच्या पिशवीत टाकला.

"नोका सोडू," ते म्हणाले. "सरड्याले अन् धानाले मानसाचा हात येकच. सरड्यावर राम सोडला तं उद्या खळ्यावर चुकान. तुमी मोजता तसंच मोजा."

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा रामपायलीला जाऊ लागलो. आता सिद्ध करायचं काही उरलं नव्हतं, म्हणून जाणं उलट जास्त नियमित झालं. मापारी माळावर बिनपापणी उलटी धरायचा, काटा फिरवायचा, ओठ हलायचे, आणि बोटांनी आठ दाखवायचा. मास्तर मान हलवायचे. आणि मी वहीत, चांगल्या अक्षरात, नऊ लिहायचो.